अण्णांची चार मिनिटं

लग्न असो, बारसं असो, लोक पाकीट देतात. मुकुंदअण्णा पेन ड्राइव्ह द्यायचे. त्यात लिनक्स ही संगणक चालवणारी फुकटची प्रणाली भरलेली असायची आणि वर कुंकवाचं एक बोट. आमच्या बेंगळुरूच्या मराठी मंडळातल्या एका नवऱ्या मुलानं तो ड्राइव्ह पुसून त्यात लग्नाचे फोटो भरले, हे कळल्यावर अण्णा त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत. वर्षानं बोलले ते एवढंच, "फोटो तरी नीट उघडतात ना?"

अण्णांना जाऊन आता दीड वर्ष होईल. मागच्या रविवारी त्यांच्या चामराजपेटेतल्या घरी माझं एक काम निघालं, आणि त्या कामात मला एक गोष्ट कळली. ती कळल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलेय. एरवी मी माणसांवर लिहिणारी बाई नाही. मी मारतहळ्ळीला राहते आणि पोटासाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. 'हिरवा दिवा लागेपर्यंत बटण दाबून ठेवा', असलं माझं साहित्य.

अण्णा बेंगळुरूचे जुने मराठी. पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर आले आणि परत जायचं राहून गेलं, असं सांगायचे. त्यांच्या मराठीत कानडी 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे मिठासारखे सगळीकडे असायचे. मी पुण्याहून आलेली, म्हणून माझं नाव वैदेही आहे हे माहीत असूनही मला शेवटपर्यंत 'पुण्याच्या बाई' म्हणाले. चौतीस वर्षं त्यांनी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात पत्रा कापायचे साचे बनवले. केसाच्या जाडीएवढी चूक झाली तर साचा भंगारात, असं ते काम. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण सदऱ्याच्या खिशातला, बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर आणि गळ्यातलं स्टॉपवॉच काही सुटलं नाही. देवळात जातानासुद्धा दोन्ही अंगावर.

लिनक्स त्यांच्या आयुष्यात आलं ते रागातून. कारखान्यातल्या संगणकावर साच्यांची ड्रॉइंगं होती. एका सकाळी तो प्रोग्राम म्हणाला, परवाना संपला, आता उघडणार नाही. मालक गावाला गेलेले. अण्णांनी स्वतः काढलेलं ड्रॉइंग अण्णांना दिसेना. त्या दिवशी त्यांनी एका मासिकाबरोबर आलेली सीडी शोधून काढली आणि संध्याकाळपर्यंत संगणकाचं धर्मांतर करून टाकलं. "यंत्र आपलं, ड्रॉइंग आपलं, मग उघडायला दुसऱ्याची परवानगी कशाला?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याची गणती नाही. ते म्हणताना ते नेहमी समोरच्याच्या लॅपटॉपकडे बघायचे.

माझ्या लॅपटॉपकडे त्यांनी संक्रांतीच्या कार्यक्रमात बघितलं. चूक माझीच. नवाकोरा लॅपटॉप घेतला होता आणि तो सारखा कसलीतरी अपडेट मागतो, असं मी तिळगूळ खाता खाता मोठ्यानं बोलले. अण्णा तीन खुर्च्या पलीकडे होते. पुढच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या दारात उभी होते. कशी गेले, मला अजून समजलेलं नाही.

घर लहानसं. समोरच्या खोलीत दोन टेबलं. एकावर अण्णांचं यंत्र, दुसऱ्यावर त्यांच्या बायकोचं. बायको म्हणजे सगळ्यांच्या अक्का, निवृत्त शिक्षिका. अण्णा त्यांना 'टीचर' म्हणत. मंडळाचं 'शेजार' नावाचं आठ पानी मासिक अक्का एकट्या काढायच्या. मजकूर गोळा करायच्या, टाइप करायच्या, पानं लावायच्या. त्यांचं यंत्र म्हणजे जमिनीवर ठेवलेला एक जुना करडा डबा. तो विमानासारखा घोंघावायचा आणि इतका तापायचा की त्यावर सुंदरी नावाची पिवळी मांजर दिवसभर झोपलेली असायची.

अण्णांनी टेबलावर मिसळणाचा डबा आणून ठेवला. स्टीलचा, आत सात वाट्या. मला वाटलं, आधी जेवायला घालतायत. झाकण उघडलं तर मोहरीच्या जागी पेन ड्राइव्ह, हळदीच्या जागी पेन ड्राइव्ह, सातही वाट्यांत पेन ड्राइव्ह.

"लिनक्स सगळ्यांत एकच," अण्णा म्हणाले, "पण चेहरा वेगळा. आतलं इंजिन तेच, वरचं घर बदलायचं. पट्टी खाली पाहिजे, वर पाहिजे, खिडकी बंद करायचं बटण डाव्या हाताला पाहिजे, उजव्या हाताला पाहिजे. हे ग्नोम. हे प्लाझ्मा. हे सिनॅमन."

"म्हणजे दालचिनी," अक्का आतून म्हणाल्या. "माझा डबा नेलाय यांनी. मी मोहरी काचेच्या बाटलीत ठेवते."

सातही फोडण्या देऊन झाल्या. प्रत्येक चेहरा माझ्या लॅपटॉपवर झकास दिसला, फक्त एकालाही वायफाय दिसेना, आवाज येईना आणि बोटानं बाण हलेना. लॅपटॉप इतका नवा होता की लिनक्सनं त्याचे भाग अजून पाहिलेच नव्हते. मी घाबरले, पण अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र तेज चढत गेलं.

"नवं हार्डवेअर आहे. ओळख व्हायची आहे," ते म्हणाले. "स्वल्प थांबा. सहा महिन्यांत नवा कर्नल, म्हणजे आतलं इंजिन, येईल, तो सगळ्यांना ओळखेल."

"सहा महिने मी लॅपटॉपची पूजा करू का?"

"सरी, मग आज बघू."

माझा फोन वायरनं जोडून त्यांनी इंटरनेट आणलं, कुठूनतरी अगदी ताजा कर्नल उतरवला, आणि संध्याकाळी पाच वाजता वायफाय सुरू झालं. साडेपाचला आवाज आला. बाण हलायला पुढचा रविवार लागला. त्या मधल्या आठवड्यात मी ऑफिसचं काम सोडून बाकी सगळं फक्त कीबोर्डवर केलं आणि अण्णांना मनातल्या मनात पुणेरी शिव्या घातल्या. पण खरं सांगायचं तर त्यानंतर मी कधी मागं गेले नाही. अण्णांकडे जाणंही थांबलं नाही, कारण निघताना अक्कांनी माझ्या हातात 'शेजार'ची पानं ठेवली आणि म्हणाल्या, "पुण्याची आहेस, तर शुद्धलेखन बघ." तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी चामराजपेट.

त्या रविवारांत मी अण्णांचं खरं दुखणं पाहिलं. या माणसाला कुठलीही गोष्ट होती तशी ठेवणं जमत नसे. दर शनिवारी ते आपल्या यंत्राचा चेहरा बदलत, आणि तो आवडला की अक्कांच्याही यंत्रावर चढवत. अक्का सोमवारी बसायच्या तर पट्टी तळातून माथ्यावर गेलेली. "मी मिठाचा डबा उभ्या जन्मात हलवला नाही," त्या म्हणायच्या, "आणि माझ्या खिडक्या दर आठवड्याला गाव बदलतात." पण करू द्यायच्या.

एकच गोष्ट त्यांनी कधी करू दिली नाही, ती म्हणजे यंत्राचा वेग वाढवणं. अण्णांचं स्वतःचं यंत्र किती सेकंदांत सुरू होतं ते रोज स्टॉपवॉचवर मोजलं जाई आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं जाई. एकदा ते चौदावरून अकरावर आलं, तर अण्णांनी म्हैसूरपाक आणला.

"तीन सेकंद वाचवले," ते मला म्हणाले.

"त्या तीन सेकंदांचं काय करणार आहात?" अक्कांनी विचारलं. अण्णांनी दुसरा तुकडा उचलला.

अक्कांचं यंत्र सुरू व्हायला मात्र चार मिनिटं लागत. अण्णांच्या जिवाला त्याचा घोर. आतली जुनी डिस्क काढून नवी बसवू, म्हणून ते किती वर्षं मागे लागले होते. अक्का म्हणायच्या, "बेड, नको. पटकन सुरू झालं तर कॉफी कधी करू?" त्यांची रीत ठरलेली. सकाळी बटण दाबायचं, स्वयंपाकघरात जायचं, फिल्टरमधला डिकॉक्शन काढायचा, दूध तापवायचं, दोन पेले भरायचे, आणि परत यायचं तोवर यंत्र तयार. एक पेला त्या यंत्रासमोर बसून प्यायच्या. दुसरा अण्णांच्या टेबलावर ठेवायच्या. तो तिथं निवून जायचा, कारण अण्णा काहीतरी सुधारत असायचे. मी जेव्हा जाई तेव्हा अण्णांच्या टेबलावर साय धरलेली कॉफी असायचीच.

मग ते हळदी-कुंकू झालं.

त्या महिन्यात मी पुण्याला मावसबहिणीच्या लग्नाला गेले होते, त्यामुळे पानं तपासली नाहीत. हळदी-कुंकवाचं निवेदन अक्कांनी आधीच लिहून ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी ते उचलून पहिल्या पानावर टाकायचं, एवढंच राहिलं होतं. आणि नेमक्या त्या शनिवारी अण्णांनी नवा चेहरा चढवला. जुन्या चेहऱ्यात सगळ्यात अलीकडची फाइल यादीत सगळ्यात वर असे. नव्यात यादी नावाप्रमाणे लागली, आणि वर आलं गेल्या वर्षीचं निवेदन. अक्कांनी नेहमीप्रमाणे वरची फाइल उचलली.

यंदाचं हळदी-कुंकू शुक्रवारी मंडळाच्या सभागृहात होतं. गेल्या वर्षीचं जयनगरला शकुंतलाबाईंच्या घरी, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, चार वाजता. त्या रविवारी चार वाजता अठरा बायका रेशमी साड्या नेसून शकुंतलाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. शकुंतलाबाई गाऊनवर, डोक्याला मेंदी थापलेली. पण बाई खानदानी. एकीलाही परत पाठवलं नाही. मेंदीच्या डोक्यानं सगळ्यांना हळदी-कुंकू लावलं, चिवडा दिला, आणि वाण म्हणून स्वयंपाकघरातले चमचे, पळ्या, शेवटी चहाची गाळणी देऊन टाकली. आठवडाभर त्यांच्याकडे चहा गाळायला रुमाल होता, असं ऐकलं.

मी परतले तेव्हा सगळं मंडळ हसत होतं. अण्णांच्या घरी कुणी हसत नव्हतं. अण्णा अपराध्यासारखे उभे राहून यादीचा क्रम कसा बदलला ते अक्कांना समजावत होते. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "पण टीचर, फाइलीवर एवढ्या मोठ्या अक्षरात वर्ष लिहिलेलं होतं. तू वाचलं नाहीस?"

"वाचता येत असतं तर वाचलं असतं," अक्का म्हणाल्या.

अक्कांनी मग सांगितलं. आठ महिने झाले होते. नजरेच्या मधोमध एक डाग आला होता आणि वाढत होता. कडेचं दिसायचं, मधलं नाही. त्या यंत्र वाचत नव्हत्या, जागेवरून ओळखत होत्या. वरून पहिलं, डावीकडून तिसरं, असं. आणि अण्णा दर शनिवारी त्या जागा हलवत होते.

"मला का नाही सांगितलंस?" अण्णांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"तुम्ही दुरुस्त करायला बसला असता," अक्का म्हणाल्या. "तुमचे कान दिसतात मला अजून. तोंड दिसत नाही. त्यात काही नुकसान नाही."

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते इंजेक्शनांनी टिकवू. त्या आठवड्यात अण्णांनी मिसळणाचा डबा रिकामा केला, चिंचेनं घासला आणि स्वयंपाकघरात मोहरी-हळद भरून ठेवला. मग अक्कांना शेजारी बसवून त्यांच्या सवयीचा चेहरा परत चढवला. काळ्यावर पिवळी मोठी अक्षरं. कीबोर्डच्या सहा बटणांवर नखं रंगवायच्या पॉलिशचे ठिपके, बोटाला लागावेत म्हणून. आणि लिहिलेलं वाचून दाखवणारा एक बाईचा आवाज, जो यंत्र सुरू झालं की "तयार आहे" म्हणायचा. तो आवाज मराठी बोलायचा, पण कसं? अक्का तिचे उच्चार सुधारायच्या.

"टीचर, ते यंत्र आहे," अण्णा म्हणाले.

"असू दे. ळ म्हणता आलाच पाहिजे."

सगळं मनासारखं झाल्यावर अण्णांनी व्हर्निअर काढला आणि पडद्यावरची एकेक गोष्ट मोजली. पट्टीची जाडी, दोन चित्रांमधलं अंतर, बंद करायच्या बटणाची रुंदी. साच्याचं करावं तसं कागदावर ड्रॉइंग केलं आणि खाली लिहिलं, 'बदल करू नये.' दोन वर्षं त्यांनी त्या यंत्राला बोट लावलं नाही. अण्णांना ओळखणाऱ्या माणसालाच कळेल हे काय होतं. शनिवारी ते बागेत फेऱ्या मारायला जाऊ लागले, घरात राहिले तर हात वळवळतात म्हणून.

आणि मग दिवाळी अंकाच्या तोंडावर तो करडा डबा मेला. बटण दाबलं, पंखा दोनदा कण्हला, संपलं. मदरबोर्ड गेला होता. असला बोर्ड आता भंगारातही मिळत नव्हता.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "सरी. आता नवं यंत्र माझ्यानं शिकणं होणार नाही, वैदेही. एवढं पाठ करायला मला आठ महिने लागले, तेव्हा निदान स्वल्प दिसत होतं. 'शेजार' दुसऱ्या कुणाकडे द्या." त्या माझ्याशी बोलत होत्या. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. अक्कांच्या दिवसात त्या आठ पानांशिवाय दुसरं काय उरलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मदरबोर्ड गेलेला नाही," अण्णा मोठ्यानं म्हणाले. "धूळ बसलीय. साफसफाईला देतो. आठ-दहा दिवस लागतील."

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात अण्णा खोटं बोलल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं. ते कानापर्यंत लाल झाले. आणि अक्कांना नेमके तेवढेच दिसत होते.

दुसऱ्या दिवशी डबा आणि पडदा अक्कांच्या जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षातून माझ्या घरी आला. नंतर अकरा दिवस अण्णा रोज सकाळी मॅजेस्टिकला बस बदलून मारतहळ्ळीला यायचे, माझ्या जेवणाच्या टेबलावर बसायचे आणि चारच्या बसनं परत जायचे. एसपी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी डिस्क आणली. सगळं जुन्या करड्या डब्यात बसवायचं होतं, कारण अक्कांचा हात त्या डब्याच्या बटणावर जायचा.

अक्कांची जुनी व्यवस्था नव्या बोर्डावर सुरूच होईना. पडदा काळा. "ओळख नाही," अण्णा म्हणाले. नवी आवृत्ती घातली तर ओळख झाली, पण चेहरा वेगळा आला. कोपरे गोल, पट्टी जाड, बटणं फुगलेली. मग अण्णा एकेक गोष्ट घासत बसले. एका हातात ते ड्रॉइंग, दुसऱ्या हातात व्हर्निअर, चष्मा कपाळावर. माझा नवरा एकदा दुपारी घरी आला आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "हे टीव्हीचं माप घेतायत का?" आठव्या दिवशी बंद करायचं बटण एक मिलिमीटर मोठं निघालं. मी म्हटलं, "अण्णा, एका मिलिमीटरनं काय होतंय?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा करायला निघून गेले.

नवा पंखा अगदी मुका होता. अक्कांना यंत्र सुरू झालंय हे घोंघावण्यावरून कळायचं. म्हणून जुना पंखा तेल घालून परत बसवला, काहीही काम न देता, नुसतं ओरडायला. कीबोर्डची गोल पिन नव्या बोर्डात जाईना, त्याला एक जोडणी आणली, पण कीबोर्ड तोच, ठिपके तेच.

अकराव्या दिवशी सगळं जुळलं. अण्णांनी बटण दाबलं आणि सवयीनं स्टॉपवॉच दाबलं. "तयार आहे," ती बाई म्हणाली. अण्णांनी घड्याळ माझ्यासमोर धरलं. नऊ सेकंद. त्यांच्या स्वतःच्या यंत्रालाही कधी नऊ जमले नव्हते. म्हैसूरपाकाचा दिवस होता. पण अण्णांनी यंत्र बंद केलं.

"काय झालं?"

"चार मिनिटं पाहिजेत," ते म्हणाले.

"अहो, नऊ सेकंदांत सुरू होतंय."

"म्हणूनच तिला कळेल. ती बटण दाबून कॉफी करायला जाते. पातेलं गॅसवर ठेवायच्या आत हे बोलेल, तयार आहे म्हणून. मग संपलंच."

आणि ज्या माणसानं तीन सेकंद वाचवले म्हणून मिठाई वाटली होती, त्यानं माझ्या डोळ्यांसमोर एक ओळ लिहिली. सुरू झाल्यावर यंत्रानं दोनशे तीस सेकंद नुसतं झोपून राहायचं, मग पुढं जायचं. दोनदा त्यांनी ती पुसली. तिसऱ्यांदा लिहिली आणि उठून बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम चामराजपेटेत हजर राहिले. अक्कांनी बटण दाबलं. डबा घोंघावला. त्या आत गेल्या. अण्णा स्वतःच्या टेबलाशी गेले नाहीत, अक्कांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसले, स्टॉपवॉच मुठीत. सुंदरी मांजर आली, डब्यावर चढली, दोन फेऱ्या मारल्या आणि खाली उतरून व्हरांड्यातल्या पेपरांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली. मी म्हटलं, अकरा दिवसांत सवय मोडली असेल. अक्का दोन पेले घेऊन आल्या, एक अण्णांच्या हातात दिला. दोघं प्यायले. अण्णांची कॉफी त्या दिवशी मी पहिल्यांदा गरम असताना संपलेली पाहिली.

"तयार आहे," बाई म्हणाली.

अक्कांची बोटं ठिपक्यांवर गेली, मग एकदा वर, एकदा डावीकडे. फाइल उघडली. त्यांनी एक ओळ लिहिली, ऐकली, आणि म्हणाल्या, "सरी. साफ चांगलं केलंय."

दिवाळी अंक वेळेवर निघाला. त्यानंतरचेही निघाले. पुढं एका थंडीत दोन दिवसांच्या तापानं अण्णा गेले, त्याही महिन्याचा निघाला. अक्कांनी त्यात अण्णांवर काही लिहिलं नाही. माझ्याकडून पानं तपासून घेतली आणि म्हणाल्या, "यांच्यावर लिहायचं तर माप चुकेल."

आता मागचा रविवार. मंडळाला सगळ्या जुन्या अंकांची एक प्रत हवी होती, म्हणून मी अक्कांच्या यंत्रासमोर बसले होते. फाइली शोधता शोधता यंत्र सुरू होतानाच्या सूचनांची फाइल उघडली आणि ती ओळ समोर आली. दोनशे तीस सेकंद. मी ती लिहिताना पाहिली होती, पण नंतर कधीतरी अण्णांनी तिच्यावर एक टीप घातली होती, ती पाहिली नव्हती. 'टीचरची कॉफी. हात लावू नये. मु.'

ती टीप मी तीनदा वाचली. आणि अशा वेळी माझं जे होतं तेच झालं, मी बोलून गेले. "अक्का, ही थांबायची ओळ काढून टाकू का? यंत्र नऊ सेकंदांत सुरू होईल." वाक्य संपलं आणि माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. अकरा दिवसांची मेहनत, व्हर्निअर, ओरडणारा पंखा, सगळं मी एका वाक्यात मातीत घातलं होतं.

अक्का शेंगा सोलत होत्या. "किती घातलेत यांनी?" त्यांनी विचारलं.

"दोनशे तीस सेकंद."

"वाटलंच. जुनं चार मिनिटं घ्यायचं. सेकंद चोरायची सवय काही गेली नाही."

"अक्का, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. सुंदरी वर चढली, फिरली आणि उतरली, ते स्वयंपाकघराच्या दारातून कडेच्या नजरेला दिसलं मला. डबा गार होता, वैदेही. यांनी पंख्याचा आवाज आणला, बटणं आणली, कीबोर्ड आणला. मांजराला कोण सांगणार?"

मी खुर्ची अक्कांकडे वळवली. मग विचारलं, "मग अण्णांना बोलला का नाहीत?"

अक्कांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "हा माणूस जेवता जेवता उठायचा. बोलता बोलता उठायचा. काही सुधारायचं सुचलं की उठलाच. उभ्या संसारात माझ्यासमोर बसून एक पेला कॉफी प्यायला नाही. आणि त्या दिवसापासून रोज सकाळी स्टूल घेऊन बसायला लागला. मला कळेल या भीतीनं जागचा हलायचा नाही." त्यांनी पदरावरची टरफलं झटकली. "मी सांगितलं असतं तर उठला असता."

ती ओळ मी आहे तशी ठेवली.

अण्णांना मी शेवटचं पाहिलं ते जाण्याच्या आधीच्या रविवारी. पानं घेऊन सकाळीच गेले होते. दार उघडं होतं, डबा घोंघावत होता. अक्का खुर्चीवर, अण्णा समोर स्टुलावर, दोघांच्या हातात पेले, आणि सुंदरी व्हरांड्यात पेपरांवर. मी काहीतरी बोलणार तोच अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं, मुठीतलं स्टॉपवॉच दाखवलं आणि दोन बोटं वर केली, अजून दोन मिनिटं. मग अक्कांच्या नकळत मला डोळा मारला, हिला पत्ता नाही म्हणून. अक्का पेल्यात बघून हसत होत्या. मला तेव्हा वाटलं, कॉफी चांगली झाली असेल.